रॅम ३६००ची, चालत होती २६६६वर: ओव्हरक्लॉकिंगच्या नोंदी

६ जानेवारी २०२४, शनिवार

मशीनला तीन वर्षं झाली. रायझन ५ ५६००एक्स प्रोसेसर, बी५५० चिपसेटचा बोर्ड, डीडीआर४ रॅमच्या १६ जीबीच्या दोन स्टिक, १२० मिमी पंख्याचा साधा टॉवर कूलर. नवीन घ्यायचं नाही, ओव्हरक्लॉकिंग करून, म्हणजे भाग हमीपेक्षा जास्त वेगाने चालवून, आहे त्यातून किती निघतं ते बघायचं, असं ठरवून आज बसलो. कसोटी रोजच्या कामाचीच ठेवली आहे: एक मोठा सी++ प्रकल्प पहिल्यापासून कंपाइल करायचा, म्हणजे कोडपासून चालणारा प्रोग्राम बनवायचा, आणि वेळ मोजायची. बेंचमार्कचे आकडे शेजारी लिहीन, पण निकाल कंपाइलचा.

कशालाही हात लावण्याआधीचे आकडे घ्यायला गेलो आणि तिथेच तोंडघशी पडलो. रॅमच्या लेबलवर ३६०० आणि सीएल१८ (मागितलेला डेटा यायला लागणारे क्लॉकचे ठोके) असं छापलंय. प्रोग्राम दाखवतोय १३३३ मेगाहर्ट्झ. डीडीआरमध्ये क्लॉकच्या एका ठोक्याला दोनदा डेटा जातो, म्हणजे लेबलच्या भाषेत हे झाले २६६६. ३६०० चालू असते तर इथे १८०० दिसले असते. जोडणी केली त्या दिवशी बायोसमध्ये (बोर्डाच्या सेटिंगमध्ये) एक्सएमपी, म्हणजे लेबलवरचा वेग लावणारं सेटिंग, चालू करायचं राहून गेलं आणि तीन वर्षं कुणाच्या लक्षात आलं नाही. जोडणारा मीच, वापरणारा मीच, त्यामुळे तक्रार करायलाही जागा नाही.

लेबलवरचा वेग आपोआप मिळत नाही, हे मला माहीत होतं, हे विशेष. स्टिकवरच्या इवल्याशा एसपीडी चिपमध्ये दोन तऱ्हेच्या नोंदी असतात. एक जेडेक या मानकं ठरवणाऱ्या संस्थेच्या मानकातल्या, १.२ व्होल्टवर चालणाऱ्या. दुसरी एक्सएमपीची, माझ्या स्टिकमध्ये १.३५ व्होल्टची. बोर्ड स्वतःहून पहिल्यातली निवडतो, कारण तिच्यावर मशीन चालू होणारच.

आजचे आकडे: कंपाइल ११ मिनिटं ४० सेकंद. मेमरी वाचन सेकंदाला ४०.१ जीबी, लेखन २१.१, लेटन्सी (डेटा मागितल्यापासून मिळेपर्यंतचा वेळ) ८३ नॅनोसेकंद. सिनेबेंच आर२३ या प्रोसेसरच्या बेंचमार्कमध्ये सगळे कोअर (प्रोसेसरमधले काम करणारे भाग) मिळून १०,९८० गुण, एकटा कोअर १,५७६.

धाकटा भाऊ मागे उभा राहून बघत होता. "दादा, एवढं करून वाचणार किती सेकंद?" प्रश्न लिहून ठेवतो.

७ जानेवारी, रविवार

एक्सएमपी चालू केलं. स्क्रीन अर्धा मिनिट काळी राहिली. बोर्ड नव्या वेगाला रॅमची सिग्नल जुळवणी करत असतो, त्याला ट्रेनिंग म्हणतात. या वेळात घाबरून बटण दाबायचं नसतं. मग नेहमीसारखं चालू झालं.

कंपाइल १० मिनिटं ५२ सेकंद. एका खटक्यात ४८ सेकंद. लेटन्सी ८३वरून ६६.

फक्त रॅम वेगवान झाली म्हणून हे झालेलं नाही. या प्रोसेसरमध्ये तीन क्लॉक एकमेकांना बांधलेले आहेत: रॅमचा, मेमरी कंट्रोलरचा, आणि कोअरचा चिपलेट (कोअर असलेला सिलिकॉनचा तुकडा) व आयओ डाय (मेमरी कंट्रोलर असलेला तुकडा) यांना जोडणाऱ्या इन्फिनिटी फॅब्रिकचा. तिघं एकाच वेगाने चालले की डेटा हातोहात पुढे जातो. विटा पास करणाऱ्या गड्यांची रांग डोळ्यासमोर आणा. सगळ्यांचा हात एका लयीत असेल तर वीट जमिनीला लागत नाही. मधल्या एकाची लय वेगळी असली की त्याला प्रत्येक वीट खाली ठेवून पुन्हा उचलावी लागते. कालपर्यंत तिघंही १३३३वर रेंगाळत होते, आज तिघंही १८००वर आहेत.

लेखनाचा आकडा आज २८.७ आहे आणि तो बघून फार बरं वाटलं, कारण तो कागदावर काढता येतो. कोअरच्या चिपलेटकडून आयओ डायकडे लिहायची वाट एका ठोक्याला १६ बाइटची. १८०० गुणिले १६, म्हणजे २८.८. कालचं गणित १३३३ गुणिले १६, म्हणजे २१.३; मिळाले होते २१.१. वाचनाची वाट दुप्पट रुंद आहे, ३२ बाइट. तिची कमाल ५७.६, आणि दोन चॅनेलवरच्या ३६०० रॅमची कमालही ५७.६. जोडी अशी जमते. पुढे कधी लेखनाचा आकडा अर्धाच का दिसतो म्हणून डोकं खाजवत बसलो, तर ही नोंद वाचावी.

क्लॉकची जोडी जमवायचा हा खटाटोप नवा नाही. १९९८च्या इंटेलच्या सेलेरॉन ३००ए प्रोसेसरची गंमत हीच होती. प्रोसेसरचा वेग म्हणजे बसचा वेग गुणिले गुणक. गुणक ४.५ वर पक्का, पण बस ६६वरून १०० मेगाहर्ट्झवर नेली की ३००चा प्रोसेसर ४५०वर जायचा. फक्त रॅमही १०० झेपणारी लागायची, कारण तेव्हाच्या ४४०बीएक्स बोर्डांवर रॅम बसच्याच वेगाने चालायची. नाव बदललं, फॅब्रिक आलं, दुखणं तेच.

१३ जानेवारी, शनिवार

आठवडाभर मशीन व्यवस्थित चाललं. पण 'चाललं' हा पुरावा नाही. या प्रोसेसरला अधिकृतपणे डीडीआर४-३२००पर्यंतचीच हमी आहे. ३६०० हे लेबलवर छापलेलं असलं तरी ओव्हरक्लॉकच. रात्रभर मेमटेस्ट८६ हा रॅम तपासणारा प्रोग्राम लावला, चार फेऱ्या, शून्य चुका. सकाळी विंडोजमध्ये टेस्टमेम५, तसाच दुसरा प्रोग्राम, दीड तास, शून्य.

आता नियम. एका वेळी एकच गोष्ट बदलायची. बदलली की चाचणी. चाचणी पास झाली की वहीत नोंद, मगच पुढची. (हा नियम मी कधी मोडला ते पुढे येईल.)

१४ जानेवारी, रविवार

हाव. ३८०० रॅम, १९०० फॅब्रिक. पहिल्याच प्रयत्नात विंडोज उघडलं, लेटन्सी ६३. आनंदाने उठून एक चक्कर मारून आलो.

गाणं लावलं तर मध्येच कट्-कट् आवाज. हेडफोनची वायर हलवून पाहिली. मग शंका आली म्हणून विंडोजचा इव्हेंट व्ह्यूअर (घडामोडींची नोंदवही) उघडला. डब्ल्यूएचईए, म्हणजे हार्डवेअरच्या चुकीची नोंद, क्रमांक १९, बस-इंटरकनेक्टची दुरुस्त झालेली चूक. एक नाही, चाळीस मिनिटांत ११२. 'दुरुस्त झालेली' हा शब्द फसवा आहे. मशीन पडत नाही, निळा स्क्रीन येत नाही, डेटा चुकतो आणि पुन्हा पाठवला जातो. त्यात वेळ जातो. सिनेबेंच कालच्यापेक्षा ९० गुणांनी खाली.

एसओसीचं, म्हणजे मेमरी कंट्रोलर असलेल्या भागाचं, व्होल्टेज १.१ केलं, फॅब्रिकचं व्होल्टेज, व्हीडीडीजी, १.०५. (व्हीडीडीजी एसओसीच्या व्होल्टेजमधूनच काढलेलं असतं, त्यामुळे ते त्याच्यापेक्षा साधारण ५० मिलिव्होल्ट तरी खाली ठेवावं लागतं.) चुका कमी झाल्या, तासाला नऊ. शून्य नाहीत. ३७३३ आणि १८६६ करून पाहिलं: दोन तास स्वच्छ, तिसऱ्या तासाला एक. एक म्हणजे आहेतच.

मग उलट्या बाजूने एक प्रयोग, निव्वळ खाज म्हणून. रॅम थेट ४०००वर, फॅब्रिक १८००वरच. या वेगाला बोर्डाने मेमरी कंट्रोलर आपणहून अर्ध्यावर आणला, १०००वर. आकडा देखणा, लेटन्सी ७५. म्हणजे ४०००ची रॅम ३६००पेक्षा नऊ नॅनोसेकंदांनी मंद. लय मोडली की विटा खालीच.

३६००वर परत. माझ्या चिपचं फॅब्रिक १९०० झेपत नाही, विषय संपला. दुसऱ्या कुणाचं झेपत असेल.

२० जानेवारी, शनिवार

वेग जागेवर ठेवून आता टायमिंग, म्हणजे रॅमच्या प्रत्येक कामाला दिलेले ठोके, आवळायची. सीएल१८ म्हणजे १८ ठोके. १८०० मेगाहर्ट्झला १८ ठोके म्हणजे १० नॅनोसेकंद. ३२००ची सीएल१६ रॅमही १० नॅनोसेकंदच. नुसता वेग किंवा नुसता सीएल बघून रॅम तोलता येत नाही, भागाकार करावा लागतो.

व्होल्टेज १.३५वरून १.३८. टायमिंगचे चार मुख्य आकडे (पहिला सीएल) १८-२२-२२-४२वरून १६-१९-१९-३८. पास. मध्ये सीएल१७ टाकून पाहिला होता, पण मशीन चालू झाल्यावर १८च दिसला. गिअर डाउन मोड चालू असला की विषम सीएल वरच्या सम आकड्यावर जातो. तो मोड बंद केला तर मशीन उठेना, म्हणून चालूच ठेवला.

सीएल१४चा लोभ सुटला नाही. स्क्रीन काळी. बोर्डाने स्वतःहून तीनदा प्रयत्न केले, पंखे सुरू-बंद, सुरू-बंद, आणि मग सपशेल शांत. वीज काढली, सीमॉसच्या दोन पिना स्क्रूड्रायव्हरने दहा सेकंद जोडून धरल्या, सगळी सेटिंग गेली. वहीत लिहिलेली होती म्हणून पाच मिनिटांत परत आली. नाहीतर शनिवार गेला होता.

खरा फायदा मात्र या चार मोठ्या आकड्यांत नाही, टीआरएफसीमध्ये, म्हणजे रिफ्रेशला दिलेल्या ठोक्यांमध्ये, आहे. रॅमच्या चिपमधला (डीरॅममधला) प्रत्येक बिट म्हणजे गळका कपॅसिटर, तो पुन्हा पुन्हा भरावा लागतो. साधारण दर ७.८ मायक्रोसेकंदांनी एक रिफ्रेश आज्ञा जाते आणि टीआरएफसी एवढे ठोके तिथलं बाकीचं काम थांबतं. ८ गिगाबिटच्या चिपला मानक ३५० नॅनोसेकंद, १८०० मेगाहर्ट्झला ६३० ठोके. बोर्डाने तेच ६३० ठेवले होते. ५४० केले, पास. ५०४ पास. ४६८ही पास. लेटन्सी ५९.

२१ जानेवारी, रविवार

४६८ पास नव्हतं.

दुपारी भावाने तासभर गेम खेळला आणि गेम डेस्कटॉपवर येऊन आपटला. पुन्हा टेस्टमेम५ लावलं, ५० मिनिटं शून्य. सगळं निर्दोष. मग डोक्यात आलं की चाचणी चालू असताना ग्राफिक्स कार्ड थंड असतं. गेममध्ये त्याची गरम हवा थेट रॅमवर येते. रॅमवर सेन्सर आहे, बघितलं: चाचणीत ४४ अंश, गेममध्ये ५३. गरम कपॅसिटर लवकर गळतो, आणि आपण तर रिफ्रेशलाच कमी वेळ दिलेला.

आता ग्राफिक्स कार्डला वेगळा भार लावून मगच रॅमची चाचणी. ४६८ला ३७व्या मिनिटाला चूक सापडली. ५०४वर, म्हणजे २८० नॅनोसेकंदांवर, तीन तास काही नाही. ५०४ पक्के.

कंपाइल १० मिनिटं ३१ सेकंद.

२७ जानेवारी, शनिवार

प्रोसेसर. आधी जुनी सरळ रीत: सगळ्या कोअरना ४.६ गिगाहर्ट्झ, १.२७५ व्होल्ट, ठोकून बसवलं. सगळे कोअर ११,७९०. पण एकटा कोअर १,५६८, म्हणजे मूळपेक्षा खाली! कारण हात न लावता हा प्रोसेसर एकट्या कोअरला ४.६५पर्यंत नेतोच. सगळ्यांना एका पट्टीत बसवलं तर धावणाऱ्याचा पायच बांधला जातो. शिवाय काहीच काम नसतानाही व्होल्टेज तेवढंच. काढून टाकलं.

म्हणून पीबीओ (प्रोसेसरच्या शक्तीच्या मर्यादा वाढवणारं सेटिंग) आणि कर्व्ह ऑप्टिमायझर (प्रत्येक कोअरचं व्होल्टेज कमी-जास्त करणारं). मूळ मर्यादा पीपीटी (एकूण शक्ती) ७६ वॉट, टीडीसी (सततचा प्रवाह) ६० अँपिअर, ईडीसी (क्षणिक प्रवाह) ९०. त्या ११०, ७५, ११० केल्या. कमाल वेगाला १५० मेगाहर्ट्झची मुभा दिली, म्हणजे ४.८. कर्व्ह ऑप्टिमायझरमध्ये सगळे कोअर उणे २०. एक पायरी साधारण ३ ते ५ मिलिव्होल्टची, आणि वजा म्हणजे त्याच वेगाला कमी व्होल्टेज. शक्ती व्होल्टेजच्या वर्गाप्रमाणे वाढते: १.२चे १.३ व्होल्ट केले तर नुसत्या त्यानेच १७ टक्के जास्त उष्णता. म्हणून आजकाल व्होल्टेज वाढवून नाही, वाचवून वेग मिळतो. वाचलेल्या वॉटमध्ये प्रोसेसर स्वतःच वर चढतो.

सगळे कोअर १२,०४०. एकटा १,६३२. तापमान ७९. प्राइम९५, प्रोसेसरवर जड भार टाकणारी चाचणी, तीन तास, शांत.

रात्री अकराला हात शिवशिवले. रॅमचा टीआरसीडी (चार आकड्यांतला दुसरा) १९वरून १८ केला. दहा मिनिटं चाचणी, झोप.

३१ जानेवारी, बुधवार

सोमवारी रात्री पत्र लिहिताना मशीन रीस्टार्ट झालं. निळा स्क्रीन नाही, काही नाही, दिवा विझावा तसं. वाटलं वीज गेली. घरातले दिवे चालू होते.

काल पुन्हा. तेव्हाही काही करत नव्हतो, एक लेख वाचत होतो.

संशय अर्थातच टीआरसीडीवर, शेवटी बदललेला तोच. परत १९ केला. रॅमला १.४ व्होल्ट दिले. रात्रभर मेमटेस्ट, शून्य चुका. सकाळी चहा घेत मेल वाचतोय, रीस्टार्ट. दोन संध्याकाळी आणि एक रात्र निर्दोष रॅमची चौकशी करण्यात गेली. शनिवारी रात्रीची ती दहा मिनिटं नसती, तर संशयित एकच उरला असता.

३ फेब्रुवारी, शनिवार

इव्हेंट व्ह्यूअर आधी उघडायला हवा होता. डब्ल्यूएचईए, या वेळी क्रमांक १८, म्हणजे न सुधारलेली चूक, आणि खाली प्रोसेसरचा एपीआयसी आयडी (थ्रेडचा क्रमांक) ६. तिन्ही वेळा ६. एका कोअरला दोन थ्रेड, म्हणून दोनाने भागायचं: ३. शून्यापासून मोजत तिसऱ्या क्रमांकाचा कोअर.

आणि हा तिसरा म्हणजे माझ्या प्रोसेसरमधला सगळ्यात चांगला कोअर, विंडोज हलकी कामं आधी त्याच्याकडेच ढकलतं. इथे सगळं जुळलं. प्राइम९५मध्ये सहाही कोअर राबतात तेव्हा वॉटची मर्यादा आड येते आणि वेग ४.५च्या आसपास राहतो. तिथे उणे २० सहज पेलतं. पत्र लिहिताना एकटा तिसरा कोअर क्षणभर ४.८वर उडी मारतो. आणि चांगला कोअर म्हणजे कारखान्यातूनच ज्याला कमी व्होल्टेज नेमून दिलेलं आहे तो. त्याच्या ताटातून आणखी काढून घ्यायला जागाच नव्हती. मी सगळ्यांना सारखं उणे २० केलं आणि सगळ्यात गुणी पोराला उपाशी ठेवलं.

जड भाराची चाचणी यासाठी कितीही तास चालवा, निरुपयोगी. कोअरसायकलर लावलं, ते एकेका कोअरवर एकच थ्रेड चालवतं, म्हणजे तो पूर्ण वेगाला जातो. तिसरा कोअर चार मिनिटांत पडला. उणे १४ वर अर्ध्या तासात. उणे ८ वर टिकला. दुसऱ्या क्रमांकाचा चांगला, कोअर ०, उणे १२. बाकीचे चार? त्यांना उणे २४ करून पाहिलं, हूं की चूं नाही.

१० फेब्रुवारी, शनिवार

आठवडाभर रोज रात्री कोअरसायकलर, दिवसा नेहमीचं काम. रीस्टार्ट नाही, इव्हेंट व्ह्यूअर कोरा. रॅम परत १.३८ व्होल्टवर आणली. टीआरसीडी १९च. १८ कदाचित चालला असता, आता त्या वाटेला जात नाही.

कंपाइल ९ मिनिटं ५८ सेकंद. सगळे कोअर ११,९९५, एकटा १,६३५, लेटन्सी ६०, तापमान ८१.

भावाला उत्तर दिलं: १०२ सेकंद. त्यातले ४८ एक्सएमपीच्या एका खटक्याचे, दोन मिनिटांचं काम. २१ टायमिंगचे, ३३ प्रोसेसरचे, आणि या ५४ सेकंदांना पाच आठवडे. तो म्हणाला, "मग पहिल्या दिवशी थांबायचं होतंस ना." मी काही बोललो नाही. त्याला कोअर तीनबद्दल सांगून उपयोग नव्हता.

सगळी सेटिंग बायोसच्या प्रोफाइलमध्ये ठेवली, आणि प्रत्येक पानाचा फोनवर फोटोही काढला. बायोस अपडेट केलं की जुनी प्रोफाइल बऱ्याचदा पुसली जातात.

१७ फेब्रुवारी, शनिवार

भावाचं मशीन उघडलं, सहज. रॅम १२००वर, म्हणजे २४००. लेबल ३२००चं. आणि दोन्ही स्टिक शेजारशेजारच्या स्लॉटमध्ये, म्हणजे एकाच चॅनेलवर. अर्धी वाट बंदच. दोन वर्षं तो याच्यावर खेळतोय. जोडणी अर्थातच माझी.

स्टिक प्रोसेसरपासून मोजत दुसऱ्या आणि चौथ्या स्लॉटमध्ये हलवल्या, एक्सएमपी चालू केलं. "हे आधीपासून असं होतं का?" त्याने विचारलं. मी म्हटलं, आधी मेमटेस्ट होऊ दे, मग बोलू. दुसरी फेरी चालू आहे. चुका शून्य.